विषय क्रमांक ७ : सूर्य

केंद्र सरकार आमच्या सोसायटीला ३,६०,००० रुपये द्यायला तयार होतं. सोसायटीची घ्यायची तयारी नव्हती.

सरकारी अनुदानाची गोष्ट म्हटली की वाचक काही पात्रं गृहीतच धरतो. घामाघूम झालेला अर्जदार, जागेवर नसलेले साहेब, चहाला गेलेला कारकून आणि कालपर्यंत लागत नसलेला एक कागद. आमच्या गोष्टीत साहेब जागेवर होते. कारकून चहाला गेला नव्हता. निम्मं काम पोर्टलवर असल्यामुळे तो फारसा दिसलाच नाही. जागेवर नव्हते ते आमचे सभासद, आणि जे होते ते विरोधात होते. डोंबिवलीकराला सकाळी लोकलमध्ये चढताना जेवढी एकजूट दाखवावी लागते तेवढ्यात त्याचा दिवसाचा साठा संपतो, सोसायटीच्या वाट्याला काही उरत नाही, अशी माझी समजूत आहे. मी समितीत इतिवृत्त लिहितो. त्यामुळे सभेत काय झालं ते मला माहीत असतं आणि काय झालं असं लिहायचं तेही. 'सविस्तर चर्चा झाली' या तीन शब्दांखाली काय काय पुरलेलं आहे, याचा पत्ता लेखापरीक्षकाला अजून लागलेला नाही.

प्रकरण तसं जुनं. २०२३ च्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी पहिल्यांदा गच्चीवर सौर पॅनल बसवायचा विषय काढला, तेव्हा गृहनिर्माण संस्थांना केंद्राकडून किलोवॅटमागे ७,२९४ रुपये मिळत होते. हा आकडा ऐकूनच सभा बिथरली. सात हजार समजतात, साडेसात समजतात. हे २९४ कुठून आले? "आकडा इतका नेमका आहे म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे," असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं आणि विषय पुढच्या वर्षावर गेला.

पुढचं वर्ष उजाडलं ते निराळंच. १३ फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्य घर योजना जाहीर झाली, २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले. वर्तमानपत्रांनी एक कोटी घरं आणि घरमालकाला मिळणारे ७८,००० रुपये यांचेच मथळे केले. आमच्या सेक्रेटरींनी मात्र बातमी शेवटपर्यंत वाचली. (ते सोसायटीत एकटेच असं करतात, म्हणून तर सेक्रेटरी आहेत.) शेवटाकडे लिहिलं होतं की गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यासाठी, किलोवॅटला १८,००० रुपये मिळतील. घरामागे ३ किलोवॅटच्या हिशेबाने, ५०० किलोवॅटपर्यंत.

आम्हाला हवे होते वीस. वीस किलोवॅटला जुन्या दराने १,४५,८८० रुपये मिळाले असते, आता ३,६०,००० मिळणार. काहीही न केल्यामुळे सोसायटीचा दोन लाख चौदा हजारांचा फायदा झाला होता. ज्यांनी विरोध केला ते एका रात्रीत दूरदर्शी ठरले. जिन्यात भेटले की ते आता आमच्याकडे दयेने बघत. काकांनी तर हिशेब मांडून दाखवला, की आणखी एक वर्ष कळ काढली तर आकडा पंचवीस हजारांवर जाईल, दोन वर्षं काढली तर सरकारच येऊन पॅनल लावून जाईल.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. गणपूर्तीला वीस सभासद लागतात. ठरल्या वेळेला सात जण होते, त्यातले पाच समितीचे आणि एक जण पार्किंगची तक्रार करून लगेच जाणार होता. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हा नियम सगळ्यांना पाठ असल्यामुळे सगळे थेट तहकूब सभेलाच येतात, आणि तेव्हा गणपूर्ती व्यवस्थित होते. सहकार चळवळीच्या अभ्यासकांनी या चमत्काराकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला 'गच्चीवर सौर ऊर्जा प्रकल्प बसविणे व त्याकरिता शासकीय अनुदानासाठी अर्ज करणे' होतं. त्याआधी हिशेब, लेखापरीक्षक, पार्किंग, गळती आणि बी विंगमधला कुत्रा. कुत्र्यावर पाऊण तास गेला. समोसे संपले. मग सूर्य आला.

सेक्रेटरी उभे राहिले. ५४० वॉटची सदतीस पॅनल, प्रत्येक साधारण साडेसात फूट बाय पावणेचार. किलोवॅटला दहा चौरस मीटर, म्हणजे गच्चीची दोनशे चौरस मीटर जागा. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला २,४०० युनिट. खर्च अकरा लाख, अनुदान वजा जाता सात लाख चाळीस हजार, घरामागे साडेअठरा हजार. चार-पाच वर्षांत पैसे वसूल, पॅनल मात्र पंचवीस वर्षं चालणार.

एवढं बोलून ते बसले. मला वाटतं, तिथेच मत घ्यायला हवं होतं. पण चेअरमननी बोलायला सुरुवात केली.

"पाचशे किलोवॅटपर्यंत देतायत म्हणता, मग आपण वीसच का मागायचे?"

पाचशे किलोवॅटला सव्वा एकर जागा लागते, हे सेक्रेटरींनी समजावलं. चेअरमन गप्प झाले, पण सरकार देत असताना आपण कमी मागतोय ही रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावरून काही गेली नाही.

मग गच्ची बोलायला लागली. सोसायटीची गच्ची कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून ती प्रत्येकाच्या मालकीची असते. वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. टाकी भरून वाहिली तर वॉचमन जातो, कोजागरीला दहा माणसं आटवलेलं दूध घेऊन जातात, पतंगांच्या दिवसांत मुलं जातात आणि चपला हरवून येतात. पण तिथे काही उभं राहणार म्हटलं की चाळीस घरांना आपापलं तिथलं आयुष्य आठवतं. पहिल्या विंगमधल्या काकूंनी वाळवणाचा प्रश्न मांडला. पापड, कुरडया, सांडगे, गव्हाचा चीक. एप्रिल-मेमध्ये जेव्हा पॅनलला सगळ्यात चांगलं ऊन मिळणार, नेमकं तेच ऊन कुरडयांनाही लागतं. "आम्ही आधीपासून वापरतोय," काकू म्हणाल्या, आणि सौर ऊर्जेच्या वापराचा ज्येष्ठताक्रम लावायचा तर त्यांना खोडून काढणं कठीण होतं. शेवटी ढाचा आठ फूट उंच करायचा ठरला, म्हणजे खालून माणूस जाईल आणि कडेच्या पट्ट्यात वाळवण होईल. त्यापायी लोखंड वाढलं. आमच्या अंदाजपत्रकात 'उंच स्ट्रक्चर' म्हणून जो खर्च दिसतो, तो खरं म्हणजे कुरडयांचा आहे.

वरच्या मजल्यावरच्यांनी गळतीचा मुद्दा काढणं हा त्यांचा घटनादत्त अधिकार आहे. त्यांच्या छताकडे कोणी नुसतं बोट दाखवलं तरी पाणी झिरपतं. "गच्चीला एक भोक पाडू देणार नाही!" भोक पाडायचंच नाही, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांच्यावर ढाचा उभा राहणार, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "एवढं वजन? स्लॅब खचेल." भोक पाडलं तर गळणार, नाही पाडलं तर खचणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणायचं ठरलं. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग लिफ्टच्या विजेसाठी साडेअठरा हजार का द्यायचे? यावर वरचे म्हणाले, तुमच्या बाथरूमच्या तुंबलेल्या पाइपचे पैसे आम्ही दिले होते. मग ती चर्चा सौर ऊर्जेपासून बरीच दूर गेली आणि २०११ सालापर्यंत मागे जाऊन परत आली. मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

पण खरा पेच टाकला तो बी विंगमधल्या नानांनी. त्यांनी हात वर करून शांतपणे विचारलं, "पॅनलचं तोंड कुठे असणार?"

"दक्षिणेला," सेक्रेटरी म्हणाले.

सभेत चुळबुळ झाली. दक्षिण ही यमाची दिशा. आपल्याकडे साधी निरांजनाची वात कोणी दक्षिणेकडे करत नाही, आणि इथे सदतीस पॅनल तिकडे तोंड करून पंचवीस वर्षं बसणार. सेक्रेटरींनी सांगितलं की सूर्य आपल्याला वर्षातला बहुतेक काळ दुपारी दक्षिणेकडेच असतो, संक्रांतीला उत्तरायण लागलं तरी तो दक्षिणेलाच असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तेवढा तो आपल्या उत्तरेला सरकतो.

"मग तेवढे दोन-अडीच महिने तरी उत्तरेकडे फिरवा," नाना म्हणाले.

"नाना, त्यातला निम्माअधिक पावसाळा असतो. ऊनच नसतं."

"म्हणूनच म्हणतो, फिरवायला नुकसान काय?"

याला उत्तर नव्हतं. नानांचं समाधान शेवटी त्यांच्या सुनेने केलं. ती म्हणाली, "बाबा, पॅनल दक्षिणेकडे बघतायत म्हणजे सोसायटीकडे यम आला तर आधी त्यांना दिसेल." नानांना हे पटलं. मला अजून कळलेलं नाही, पण ठरावाला त्यांचं अनुमोदन मिळालं.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न येणारच होता. ज्यांनी २००५ नंतरचं भारनियमन डोंबिवलीत काढलंय त्यांना विजेचं दुसरं काही विचारायचंच नसतं.

"म्हणजे लाइट गेले की जिन्यात तरी उजेड राहील ना?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. लाइट गेले की हेही बंद होतं."

"भर दुपारी? डोक्यावर ऊन असताना?"

"हो. लाइनवर वायरमन काम करत असतो. आपल्या गच्चीवरून तारेत उलटा करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड बंद झालं की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. चालू ठेवायचं तर बॅटऱ्या लागतील, त्याचा खर्च वेगळा."

काकूंनी थोडा विचार केला. "मग मेणबत्ती काय वाईट होती? ती लाइट गेल्यावर तरी लागायची."

सेक्रेटरींनी नेट मीटरिंग समजावलं : दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये द्यायची, रात्री परत घ्यायची, महिन्याच्या बिलात वजावट, उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा, आर्थिक वर्ष संपलं की हिशेब. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "ग्रिडमध्ये म्हणजे नेमकी कुठे जाते?"

इथे दुसरा कोणी असता तर 'वर, मोठ्या तारेत' असं काहीतरी सांगून सुटला असता. आमचे सेक्रेटरी प्रामाणिक. ते म्हणाले, "वीज जवळच्या जवळ वापरली जाते. म्हणजे बहुतेक शेजारच्या सोसायटीत."

एकदम शांतता.

शेजारच्या सोसायटीशी आमचं कंपाउंडवरून आणि शेवग्यावरून वैर आहे. झाड त्यांचं, शेंगा आमच्या बाजूला पडतात, सुरवंटही आमच्याच बाजूला पडतात. शेंगा ते मागतात, सुरवंट मागत नाहीत. "पैसे आपल्यालाच मिळणार," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "पैशाचा प्रश्नच नाही," खजिनदार म्हणाले. इतर कुठल्याही विषयावर ते हे वाक्य उच्चारताना मी ऐकलेलं नाही. "त्यांचा पंप आमच्या विजेवर चालणार, आणि त्यांना ते कळणारसुद्धा नाही!" यातलं नेमकं काय जास्त बोचत होतं ते सांगणं अवघड. वीज जाणार याचं दुःख कमी होतं. त्याचे उपकार त्यांच्यावर लादता येणार नाहीत, हे मोठं.

या गदारोळात एका सभासदाने आणखी एक फाटा काढला. त्यांची गावी शेती आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये मिळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा गच्चीतला आपला चाळिसावा हिस्सा सोसायटी वापरणार असेल तर त्याचं भाडं मिळावं, अशी त्यांची मागणी. खजिनदारांनी मोबाइलवर हिशेब केला. दोनशे चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा पन्नासावा भाग. भाडं वर्षाला अडीच हजार. चाळिसावा हिस्सा साडेबासष्ट रुपये. ते त्यांनी खिशातून काढून समोर ठेवले. पन्नासची एक नोट, दहाची एक आणि सुटे. अर्धा रुपया नव्हता, म्हणून त्रेसष्ट दिले. सभासदांनी ते घेतले, हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

मान्याचीवाडीचं उदाहरण मी स्वतः दिलं. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातलं हे एवढंसं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, घराघरावर पॅनल, पथदिवे सौर, ग्रामपंचायत सौर. सूर्य घर योजनेत तर गावांची स्पर्धाच आहे : पाच हजारांवर वस्तीची गावं आपसांत चढाओढ करतात, सहा महिन्यांत जिल्ह्यात ज्याने सर्वांत जास्त अपारंपरिक विजेची क्षमता उभी केली त्या एका गावाला एक कोटी रुपये. एक अख्खं गाव हे करू शकतं तर चाळीस घरांना काय धाड भरलीय? "गावात सगळे एकमेकांना ओळखतात," काका म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं आडनाव मला त्या दिवशी, गळतीच्या चर्चेत कळलं.

ठराव झाला. सूचक, अनुमोदक, चौदा विरुद्ध अकरा, पाच तटस्थ. तटस्थांत चेअरमन होते. त्यांना पाचशे हवे होते.

आता पैसे. अनुदानाचा क्रम असा की आधी तुम्ही स्वतःच्या पैशाने प्रकल्प उभा करायचा, तपासणी व्हायची, नेट मीटर बसायचं, आणि मग अनुदान बँकेत जमा होणार. हे ऐकून सभासदांनी तत्काळ आपलाही क्रम जाहीर केला : अनुदान आलं की आम्ही भरतो. दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत राहिल्या असत्या तर सूर्य थंड पडेपर्यंत प्रकल्प झाला नसता. खजिनदारांनी सिंकिंग फंडाकडे बघितलं. सिंकिंग फंड असा हात घालून काढता येत नाही. कर्जाची चौकशी झाली. शेवटी पैसे जमवले ते अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका सभासदाने. त्याने दिले काहीच नाहीत. त्याने फक्त ग्रुपवर लिहिलं, 'इन न्यू जर्सी वी डिड धिस लाँग बॅक. इंडियात हे होणं कठीण.' त्या रात्री तेवीस घरांनी पैसे भरले.

कागदपत्रांचा अध्याय मात्र आमच्यातल्या एका थोर माणसाशिवाय लिहिताच येणार नाही. मंत्रालयात उभी हयात काढून निवृत्त झालेले आमचे अण्णा. निवृत्तीनंतर या माणसाची दृष्टी अंधुक झाली, गुडघे गेले, पण समोर नमुना अर्ज ठेवला की ते पुन्हा तरतरीत होतात. त्यांना पोर्टल हा प्रकार मान्य नव्हता. जिथे जावक क्रमांक पडत नाही तो अर्ज कसला? म्हणून सेक्रेटरी संगणकावर जे भरत, त्याची एक प्रत अण्णा लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' अशी तयार करत. ती कुणाला सादर करायची हे ठरलेलं नव्हतं. ती फाइलला लागे. फाइल पहिल्याच आठवड्यात पॅनलपेक्षा जाड झाली.

बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट पोर्टलवर टाकलं. पोर्टलने नाव दाखवलं. नाव बिल्डरचं.

सामाईक मीटर तेवीस वर्षं बिल्डरच्या नावावर होतं. आमच्या लिफ्टचं, पंपाचं, जिन्यातल्या प्रत्येक दिव्याचं बिल आम्ही एवढी वर्षं त्याच्या नावाने भरत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बिलावर माणूस फक्त आकडा वाचतो. आता बिल्डरचं ना हरकत पत्र हवं. बिल्डर म्हातारा झालेला, धंदा मुलाने टाइल्सकडे वळवलेला. पण तो स्वतः आला. अंगणात उभा राहून त्याने इमारतीकडे बराच वेळ वर बघितलं. "अजून उभी आहे!" तो म्हणाला. आवाजात जे आश्चर्य होतं, ते वरच्या मजल्यावरच्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. सही मात्र मुकाट्याने केली.

नाव बदललं. मग लक्षात आलं की नोंदणी दाखल्यावर आम्ही 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' आहोत, पॅन कार्डावर 'को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड', आणि बँकेत, जागेअभावी, 'को ऑप हौ सो लि'. अनुदान ज्या खात्यात यायचं ते खातं तिघांपैकी कुणाचं हे ठरवणं आलं. अण्णांनी मुद्रांकावर लिहून दिलं की वरील तिन्ही संस्था ही एकच संस्था असून तीच आम्ही आहोत. हे प्रतिज्ञापत्र कुणी मागितलं नव्हतं. पण ते वाचल्यावर मला पहिल्यांदाच सोसायटी एकसंध वाटली.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण विनोदी लेखकाच्या पोटावर पाय देणारं आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना आता तांत्रिक तपासणीचीही वाट बघावी लागत नाही; त्यावरच्यांसाठी वीज कंपनीला पंधरा दिवस असतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर समजायचा, असा २०२४ चा नियम आहे. अण्णांनी हा नियम तीनदा वाचला आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांच्या सगळ्या नोकरीत उत्तर न येणं म्हणजे नामंजुरी होती. नोकरीच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे ते बसून राहिले. आमच्या अर्जाला तर उत्तर वेळेत आलं. त्यात त्रुटी नव्हती. "एकसुद्धा त्रुटी काढली नाही?" अण्णांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

पॅनल देशी बनावटीचीच लागतात, नाहीतर अनुदान नाही. ती यायला वेळ लागला, मग पाऊस लांबला, मग ठोकळे वर चढवताना लिफ्ट वापरायची की नाही यावर तळमजल्याने हरकत घेतली. ते सगळं झालं. शेवटी प्रकल्पाचा फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह, पोर्टलवर चढवायचा होता. फोटोत संपूर्ण समिती हवी असा आग्रह पडला. चेअरमन मध्ये, दोन्ही बाजूंना पदाधिकारी, पुढे विरोधात मत दिलेले अकरा जण, कारण आता ते आघाडीवर होते. काकू कुरडयांचं ताट घेऊन आल्या. फोटो उत्तम आला. त्यात पॅनल एकही दिसत नव्हतं. दुसरा काढावा लागला, तो वॉचमनने रिकाम्या गच्चीत काढला, आणि सरकारदरबारी तोच गेला. पहिला फोटो मात्र मोठा करून लिफ्टशेजारी लावला आहे.

तपासणीला आलेल्या माणसाने मीटर बघितलं, वायरिंग बघितलं, इन्व्हर्टर बघितला, सही केली. चहा घेतला नाही. त्याबद्दल सोसायटीत दोन दिवस काळजी होती.

अनुदान महिनाभरात जमा झालं. ३,६०,०००. पासबुकात, 'को ऑप हौ सो लि'च्या नावावर. त्या रात्री ग्रुपवर प्रस्तावांचा पाऊस पडला. रंगकाम करा, रक्कम घरटी परत द्या, जिममध्ये ट्रेडमिल आणा (जिम नाही), गाड्यांना चार्जिंग पॉइंट बसवा. चेअरमननी लिहिलं की उरलेल्या गच्चीवर आणखी बसवून आणखी अनुदान घ्यावं. पैसे न भरलेल्या सतरा जणांनी परताव्याच्या बाजूने जोरदार मत दिलं. हा विषय आता येत्या सभेत आहे, क्रमांक नऊ, कुत्र्यानंतर.

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा संध्याकाळी आले. कंपाउंडच्या दाराने, वीस वर्षांत पहिल्यांदा. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी होती. त्यांनाही पॅनल बसवायची आहेत, त्यांचंही मीटर बिल्डरच्या नावावर आहे, त्यांचाही बिल्डर तोच. आमची फाइल एकदा बघायला मिळाली असती, ठराव कसा लिहिला, पत्रं कशी केली, तर फार उपकार झाले असते. त्यांनी 'उपकार' म्हटल्यावर खजिनदारांचा चेहरा उजळला. ते फाइल आणायला आत गेलेसुद्धा.

अण्णांनी त्यांना हातानेच थांबवलं. शेंगा ठेवून घेतल्या. मग खुर्ची पुढे ओढून, चष्मा लावून, पाहुण्यांना अतिशय मार्दवाने म्हणाले,

"तुमच्या लेटरहेडवर रीतसर अर्ज करा. दोन प्रतींत."